हेगचं वॉरंट निघालं तरी माणूस मोकळा कसा फिरतो?

प्रश्न असा आलाय की हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने (पुढे नुसतं आयसीसी म्हणतो) वॉरंट काढलं, सव्वाशे देश सदस्य आहेत, सगळ्यांनी करारावर सह्या केल्यात, मग तो माणूस खुशाल विमानाने ये-जा कसा करतो? देशाचा कायदा आडवा येतो की सरकारची इच्छाच नसते? आणि सोबत उपप्रश्न, की जे देश सदस्यच नाहीत ते मदत करू शकतात का. मी या सहकार्याच्या कामात बरीच वर्षं आहे, आधी सरकारी बाजूने रिक्वेस्ट हाताळल्या, नंतर असे कायदे लिहिणाऱ्यांना सल्ला देत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

थोडक्यात सांगायचं तर दोन्ही. इच्छा नसेल तर कच्चा कायदा आयतं कारण पुरवतो, आणि इच्छा असली तरी कायद्यात पुढची पायरी लिहिलेली नसेल तर हातात आलेला माणूस सुटतो. लोक "राजकारण राजकारण" म्हणत बसतात, ते खोटं नाही, पण बातम्यांत ज्याला राजकारण म्हणतात ते प्रत्यक्षात कुठल्यातरी कलमाच्या फटीतूनच आत शिरतं. ती फट कुठे असते ते बघू.

आयसीसीकडे पोलीस नाहीत. एकही नाही. ज्या करारातून आयसीसी उभं राहिलं तो रोम करार १७ जुलै १९९८ ला झाला, १ जुलै २००२ पासून लागू झाला, त्यात नववा भाग, कलम ८६ ते १०२, हा पूर्ण सहकार्याचा आहे. ८६ सांगतं की सदस्यांनी पूर्ण सहकार्य करायचं. सगळे वकील हेच कलम कोट करतात, पण माझ्या मते खरं वजन ८८ ला आहे, दोन ओळींचं कलम, की नवव्या भागात सांगितलेल्या प्रत्येक प्रकारच्या सहकार्यासाठी तुमच्या देशाच्या कायद्यात प्रोसिजर असलीच पाहिजे. जमलं तर करा असं नाही, असलीच पाहिजे. आता गंमत बघा, करारावर सही करून मंजुरी देणं एका दिवसाचं काम, फोटो निघतात, भाषणं होतात. पण त्यानंतर कायदा करायचा म्हणजे गृहखातं, न्यायखातं, परराष्ट्रखातं, लष्कर, तुरुंग प्रशासन, सगळ्यांना एका टेबलावर आणायचं, त्यात कोणालाच रस नसतो. हंगेरीने २००१ मधे मंजुरी दिली, पण करार देशाच्या कायद्यात रीतसर जाहीर करणं राहूनच गेलं. एप्रिल २०२५ मधे नेतान्याहू (तेव्हा इस्रायलचे पंतप्रधान, त्यांच्यावर आयसीसीचं वॉरंट होतं) तिकडे गेले तेव्हा हेच कारण पुढे आलं की आमच्या कायद्यात करार आलेलाच नाही, मग आम्ही अटक करायची कशाच्या आधारावर! आयसीसीने अर्थातच ते मानलं नाही, स्वतःचा कायदा अपुरा आहे हे सांगून करारातून सुटका होत नाही हा जुना नियम आहे, हंगेरीने सहकार्य केलं नाही असा निर्णय त्याच वर्षी जुलैत आला. पण तोपर्यंत विमान उडून महिने झाले होते.

ज्यांनी कायदे केले त्यांच्यातही फरक आहे. काही देशांना आधी संविधानालाच हात लावावा लागला. जर्मनीत आपला नागरिक परदेशाच्या हवाली करायला बंदी होती, २००० मधे मूलभूत कायद्याच्या (म्हणजे तिथल्या संविधानाच्या) कलम १६ मधे आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी अपवाद घातला गेला. फ्रान्सने १९९९ मधे संविधानात ५३-२ हे नवीन कलमच टाकलं. हे असं आधी करून ठेवलं की नंतर घोळ होत नाही, आणि नाही केलं तर आरोपीचा वकील पहिल्याच सुनावणीत संविधान काढतो, काढायलाच पाहिजे, त्याचं ते काम आहे.

आता अटकेवर येतो कारण प्रश्न तिथलाच आहे.

एका देशाने दुसऱ्या देशाकडे आरोपी मागितला की ते प्रत्यर्पण, त्यात नकाराची शंभर कारणं असतात, आपला नागरिक आहे, गुन्हा राजकीय आहे, दोन्हीकडे तो गुन्हा नाही, वगैरे. आयसीसीकडे माणूस सुपूर्द करणं ही वेगळी गोष्ट ठेवली आहे, कलम १०२ मुद्दाम त्यासाठी आहे, ही सगळी कारणं इथे चालत नाहीत. आणि कलम ९१ म्हणतं की सुपूर्द करण्यासाठी जी कागदपत्रं मागाल ती प्रत्यर्पणापेक्षा जास्त जाचक नसावीत, जमलं तर कमीच असावीत. पण आरोपीला स्थानिक न्यायाधीशासमोर न्यावं लागतं, ते कलम ५९. न्यायाधीशाने बघायच्या गोष्टी तीनच, वॉरंट याच माणसाचं आहे का, अटक योग्य पद्धतीने झाली का, त्याचे हक्क पाळले गेले का. वॉरंट मुळात बरोबर काढलंय का, पुरावा पुरेसा आहे का, हे त्याला विचारताच येत नाही, करारात स्पष्ट लिहिलंय. ब्रिटनच्या २००१ च्या कायद्यात हे जवळपास तसंच उतरवलंय, आणि नव्याने कायदा लिहिणाऱ्यांना मी तोच दाखवतो. कारण न्यायाधीशांना सवय असते पुरावा बघायची, तुम्ही कायद्यात स्पष्ट "हे बघू नका" लिहिलं नाही तर ते बघणारच.

आणि आता इटली, ही केस या विषयातल्या प्रत्येकाने नीट वाचावी. १८ जानेवारी २०२५ ला आयसीसीने लिबियाच्या ओसामा एलमासरी नजीम या अधिकाऱ्यावर वॉरंट काढलं, त्रिपोलीजवळच्या मितिगा तुरुंगातल्या छळाचे आरोप. तो तेव्हा युरोपात फिरत होता. १९ तारखेला तूरिनमधे पोलिसांनी त्याला उचललं, इंटरपोलची नोटीस होतीच. म्हणजे बघा, वॉरंट निघाल्यावर एका दिवसात माणूस हातात, याहून चांगलं काय हवं? आणि २१ तारखेला रोमच्या अपील कोर्टाने त्याला सोडून दिलं, त्याच दिवशी सरकारी विमानाने तो त्रिपोलीत पोचला, तिथे स्वागतही झालं.

का सोडलं? इटलीचा आयसीसी सहकार्याचा कायदा २०१२ चा, क्रमांक २३७. त्यात आयसीसीशी सगळा व्यवहार न्यायमंत्र्याने करायचा, मंत्र्याने रोमच्या अपील कोर्टातल्या मुख्य सरकारी वकिलाकडे कागद पाठवायचा, त्याने कोर्टाकडे मागणी करायची, मग अटक. पोलिसांनी आपणहून आधी पकडायचं आणि मग कळवायचं, जे नेहमीच्या प्रत्यर्पणात चालतं, ते या कायद्यात लिहिलेलंच नाही. कोर्ट म्हणालं अटकच बेकायदा. बरं, मंत्र्याला तोपर्यंत कळलेलं होतं, त्याने लगेच कागद पुढे सरकवला असता तर चूक दुरुस्त झाली असती, पण मंत्रालयातून काहीच आलं नाही. आता सांगा हा कायद्याचा दोष की इच्छेचा? माझं मत विचाराल तर, कायदा लिहिताना मंत्र्याला मधे बसवला तिथेच हा दिवस ठरला होता. मंत्र्याने "नाही" म्हणायची गरजच पडली नाही, नुसतं गप्प बसणं पुरलं. ऑक्टोबर २०२५ मधे आयसीसीच्या बेंचने म्हटलं की इटलीने कर्तव्य पाळलं नाही, अडचण होती तर कलम ९७ प्रमाणे आमच्याशी बोलायचं होतं, तेही केलं नाही. हे ९७ फार महत्त्वाचं आहे, आणि तेवढंच दुर्लक्षित. रिक्वेस्टमधे काही अडलं, नाव चुकलं, दुसऱ्या देशाशी करार आडवा आला, की ताबडतोब कोर्टाशी सल्लामसलत करायची. ताबडतोब, म्हणजे माणूस निघून गेल्यावर नव्हे.

म्हणून कुठल्याही देशाचा असा कायदा हातात आला की मी पहिल्यांदा अटकेचं कलम काढतो आणि बघतो कागद कोणाच्या टेबलावरून जातो, त्या टेबलावर किती दिवस राहू शकतो याची मुदत आहे का, आणि घाईच्या वेळेला पोलिसांना थेट हात घालता येतो का. रोम करारात तात्पुरत्या अटकेची सोय आहे, कलम ९२, पूर्ण कागदपत्रं यायच्या आधी पकडून ठेवा, नियमांप्रमाणे ६० दिवसांत कागद आले पाहिजेत. पण तुमच्या पोलिसांना ते वापरता यावं अशी ओळ तुमच्या कायद्यात पाहिजे ना.

आता कुणी म्हणेल की कायदा चांगला असला की झालं. नाही. दक्षिण आफ्रिकेचा २००२ चा कायदा (क्रमांक २७) मी वाचलेल्या चांगल्या कायद्यांपैकी आहे, त्यात सरळ लिहिलंय की आरोपी राष्ट्रप्रमुख आहे म्हणून सुपूर्द करणं अडत नाही. जून २०१५ मधे सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर, ज्यांच्यावर आयसीसीचं वॉरंट होतं, आफ्रिकन युनियनच्या परिषदेला जोहान्सबर्गला आले, एक संस्था कोर्टात गेली, प्रिटोरियाच्या हायकोर्टाने रविवारी तातडीने सुनावणी घेऊन आदेश दिला की याला देशाबाहेर जाऊ देऊ नका. सोमवारी सुनावणी चालू असतानाच बशीर वॉटरक्लूफच्या लष्करी विमानतळावरून निघून गेले. मार्च २०१६ मधे तिथल्या सुप्रीम कोर्ट ऑफ अपीलने सरकारने बेकायदा वागणूक केली असा निकाल दिला, आणि हेही की हा कायदा राजनैतिक इम्युनिटीच्या (पदामुळे अटक-खटल्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या) सर्वसाधारण कायद्यावर मात करतो. पण बघा, चांगला कायदा असल्यामुळेच हे कोर्टात जाऊ शकलं, सरकारला पळवाट काढावी लागली, आणि पुढे २०१६ मधे सरकारने आयसीसी सोडायचं ठरवलं तेव्हा २०१७ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने सांगितलं की संसदेला विचारल्याशिवाय सोडता येत नाही. केनियातही तेच, बशीर ऑगस्ट २०१० मधे तिथे जाऊन आले, कोणी हात लावला नाही, पण नोव्हेंबर २०११ मधे तिथल्या हायकोर्टाने २००८ च्या स्वतःच्या कायद्याखाली त्यांच्यावर वॉरंट काढलं. त्यानंतर केनियाला जाणं काही तेवढं सोपं राहिलं नाही.

राष्ट्रप्रमुखाच्या इम्युनिटीवर लोक पुस्तकं लिहितात, मी दोन ओळीत उरकतो. कलम २७ म्हणतं पदाने काही फरक पडत नाही, कलम ९८ म्हणतं तिसऱ्या देशाच्या इम्युनिटीशी टक्कर होत असेल तर कोर्टाने तशी रिक्वेस्ट पुढे रेटू नये. या दोन कलमांच्या मधल्या जागेत सगळी सरकारं लपतात. बशीर २०१७ मधे जॉर्डनला गेले त्या केसमधे आयसीसीच्या अपील बेंचने ६ मे २०१९ ला सांगितलं की आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे राष्ट्रप्रमुखाला इम्युनिटी नसतेच, त्यामुळे मधे टक्करही नाही. तरीसुद्धा सप्टेंबर २०२४ मधे पुतिन मंगोलियाला गेले, लाल गालिचा वगैरे, आणि मंगोलियाने पुन्हा इम्युनिटीच पुढे केली. निर्णय विरोधात गेला, प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे पाठवलं. सभा काय करते? ठराव, चर्चा, चिंता. युनोच्या सिक्युरिटी कौन्सिलने पाठवलेलं प्रकरण असेल तर कौन्सिलकडे पाठवता येतं, कलम ८७(७), पण दंड-बिंड काही नाही.

उलट टोकाचं उदाहरण फिलिपिन्स. ११ मार्च २०२५ ला तिथले माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते हाँगकाँगहून मनिलाला उतरले, विमानतळावरच अटक, आणि त्याच रात्री चार्टर विमानाने हेगच्या दिशेने रवाना. फिलिपिन्स तर मार्च २०१९ मधेच आयसीसीतून बाहेर पडलेला (आधीच्या काळातल्या गुन्ह्यांवर कोर्टाचा अधिकार राहतो हा आयसीसीचा आधार). सरकारने वापरला तो २००९ चा स्वतःचा कायदा, ९८५१, ज्याच्या सतराव्या कलमात आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे संशयिताला सुपूर्द करता येईल असं एक वाक्य आहे. एकच वाक्य, प्रोसिजर काही नाही. स्थानिक न्यायाधीशासमोर नेलं नाही म्हणून टीका झाली, सुप्रीम कोर्टात अर्ज पडले, आणि ती टीका मला बिनबुडाची वाटत नाही. इटलीत प्रोसिजर एवढी की माणूस सुटला, इथे प्रोसिजर एवढी कमी की ज्याला हक्क द्यायचे त्याला विमानातच बसवलं. आपल्याला पाहिजे तो माणूस पकडला गेला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की उद्या तेच एक वाक्य दुसऱ्या कुणावर चालेल.

सगळ्यांचं लक्ष अटकेवर असतं, पण आमच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक रिक्वेस्ट अटकेच्या नसतातच. कलम ९३. अमुक फोन नंबरचा रेकॉर्ड द्या, या कंपनीची नोंदणी द्या, तुमच्या देशात निर्वासित म्हणून राहणाऱ्या बाईचा जबाब घ्यायचाय, व्हिडिओ लिंकची खोली द्या. कंटाळवाणं काम, आणि केसेस इथेच मरतात. केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्या केसमधे प्रॉसिक्युटरने कंपन्या, जमिनी, टॅक्स, गाड्या, बँक खाती, फोन असे रेकॉर्ड मागितले होते, सरकार म्हणे रिक्वेस्ट फार मोघम आहे, महिने गेले, डिसेंबर २०१४ मधे प्रॉसिक्युटरला आरोप मागे घ्यावे लागले. २०१६ मधे केनियाचं प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे गेलं, तोवर केस संपलेली.

साक्षीदाराचा प्रश्न तर अजून नाजूक. कलम ९३ मधे साक्षीदाराने हेगला "स्वखुशीने" यावं यासाठी मदत करा असं लिहिलंय, म्हणजे जबरदस्तीने विमानात घालता येत नाही. मग नाही आला तर? केनियाचेच रुटो (तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष) आणि सांग (रेडिओ पत्रकार) यांच्या केसमधे साक्षीदार एकेक करून मागे हटायला लागले तेव्हा एप्रिल २०१४ मधे बेंचने मार्ग काढला, की हेगला नको येऊ, पण केनियातच बसून व्हिडिओने साक्ष द्यावी लागेल, आणि तिथे हजर करायची जबाबदारी केनिया सरकारची. केनिया म्हणालं आमचा कायदा फक्त स्वेच्छेचं बोलतो. ऑक्टोबर २०१४ मधे अपील बेंचने हे समन्स कायम ठेवलं. म्हणून आता कायदा लिहिताना मी सांगतो की आयसीसीच्या समन्सवर स्थानिक साक्षीदाराला स्थानिक कोर्टात बसवायची ओळ टाकाच, तुमच्या नेहमीच्या समन्सला जी शिक्षा तीच इथे.

आणि गुप्तता. रिक्वेस्ट गुप्त ठेवायची असं कलम ८७ सांगतं. एका मंत्रालयात (नाव सांगत नाही) सीलबंद पाकीट आलं, आवक क्लार्कने नेहमीप्रमाणे रजिस्टरमधे नोंद केली आणि विषयाच्या रकान्यात ज्या माणसाची बँक खाती तपासायची होती त्याचं पूर्ण नाव लिहिलं. रजिस्टर कोणीही उघडून बघावं असं टेबलावर. खाती गोठवायचा आदेश निघेपर्यंत ती रिकामी. क्लार्कचा काही दोष नाही हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी कुठेही गेलो की कायदा नंतर, आधी विचारतो की पाकीट कोण उघडतं आणि नोंद कुठे होते, त्यासाठी वेगळं रजिस्टर, वेगळा क्रमांक, विषयात फक्त क्रमांक. याला कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

गोठवण्यावरून आठवलं, गोठवल्यानंतर काय? काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ज्याँ-पिएर बेम्बा २००८ मधे बेल्जियममधे पकडले गेले, वेगवेगळ्या देशांत मालमत्ता गोठवली, आणि जून २०१८ मधे अपीलात निर्दोष सुटले. मग त्यांनी भरपाई मागितली, त्यात एक भाग असा की विमानं, बोट वगैरे दहा वर्षं कोणी न सांभाळल्यामुळे खराब झाली. मे २०२० मधे कोर्टाने मागणी फेटाळली. पण बोटीचं भाडं, दुरुस्ती, विमा हे कोणी भरायचं, हे बहुतेक देशांच्या कायद्यात लिहिलेलंच नसतं. गोठवायचं कलम असतं, सांभाळायचं नसतं.

शिक्षा भोगायची जागा, साक्षीदाराला नवीन ओळख देऊन वसवणं, निर्दोष सुटलेल्याला ठेवून घेणं, या तिन्हीत सदस्यावर सक्ती नाही, वेगळा करार करावा लागतो. रवांडा ट्रिब्युनलमधे (तिथल्या १९९४ च्या नरसंहारासाठीचं वेगळं न्यायालय) सुटलेले आणि शिक्षा संपलेले लोक टांझानियातल्या अरुशात वर्षानुवर्षं एका घरात अडकून होते, डिसेंबर २०२१ मधे आठ जणांना नायजरने घेतलं आणि काही दिवसांतच निघून जा म्हणून सांगितलं.

आता उपप्रश्न, सदस्य नसलेले देश. अमेरिका, रशिया, चीन, भारत, कोणीच सदस्य नाही. कलम ८७(५) म्हणतं कोर्ट अशा देशाला तेवढ्यापुरतं सहकार्याचं निमंत्रण देऊ शकतं, तो देश हो म्हणाला तर करार होतो. युगोस्लाव्हिया आणि रवांडाची ट्रिब्युनल वेगळी होती, ती १९९३ आणि १९९४ मधे सिक्युरिटी कौन्सिलने युनोच्या सनदेच्या सातव्या अध्यायाखाली बनवली, त्यामुळे सगळ्याच देशांवर बंधन. पण तिथेही देशातला कायदा आडवा आलाच. युगोस्लाव्हियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच यांच्या वेळी २८ जून २००१ ला युगोस्लाव्हियाच्या संविधान न्यायालयाने सरकारचा वटहुकूम थांबवला, त्याच संध्याकाळी सर्बियाच्या सरकारने स्वतःच्या संविधानाचा आधार घेऊन त्यांना हेगला धाडलं, दुसऱ्या दिवशी ब्रसेल्सला मदत देणाऱ्या देशांची बैठक होती. आणि एलिझाफान न्टाकिरुटिमाना, रवांडा ट्रिब्युनलला हवा असलेला तिथला पाद्री, टेक्सासमधे राहत होता, १९९६ मधे पकडला, अमेरिकेने त्यासाठी १९९६ मधे खास कायदाही केला होता, तरी डिसेंबर १९९७ मधे मॅजिस्ट्रेट म्हणाला की करार नसताना नुसत्या कायद्यावर माणूस देता येत नाही. सरकार परत गेलं, दुसऱ्या न्यायाधीशाने होकार दिला, १९९९ मधे अपील कोर्टानेही, आणि मार्च २००० मधे तो अरुशाला पोचला. सरकारची इच्छा, संसदेचा कायदा, सिक्युरिटी कौन्सिलचा ठराव, सगळं असून साडेतीन वर्षं.

आणि त्याच अमेरिकेने, जी आयसीसीची सदस्यही नाही, २०१३ मधे काँगोतला बंडखोर सेनानी बॉस्को न्तागांडा (आयसीसीचं वॉरंट असलेला) याला चार-पाच दिवसांत हेगला पोचवलं. १८ मार्चला तो स्वतःच किगालीतल्या अमेरिकन वकिलातीत चालत गेला आणि म्हणाला मला हेगला पाठवा, २२ तारखेला विमानात. रवांडाही सदस्य नाही, म्हणजे दोन बिगर-सदस्य देशांच्या मधून. ना कोर्ट, ना अपील, कारण जाणारा माणूसच नको म्हणत नव्हता, आणि ज्याच्या बाजूने हरकत घ्यायची तोच तयार असेल तर देशातल्या कायद्याची परीक्षा व्हायची वेळच येत नाही.